तोड न आलेला ऊस : भयपटातील प्रतिनिधित्वाचा प्रश्न

भयपटाचा गंभीरपणे विचार करणे मराठी समीक्षेत अजूनही काहीसे कमीपणाचे मानले जाते. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी काही दशके वाचकांना झोपू दिले नाही. समीक्षेने मात्र त्यांना बहुधा 'लोकप्रिय साहित्य' या सदरात एखादा परिच्छेद देऊन आपले कर्तव्य पार पाडले. चित्रपटाच्या बाबतीत तर तेवढेही घडले नाही. वास्तविक एखादा समाज कोणाला घाबरतो, कोणाचे भूत होऊ देतो आणि कोणाला भूत होण्याइतकेही महत्त्व देत नाही, या प्रश्नांची उत्तरे वास्तववादी कादंबरीपेक्षा भयकथेत अधिक निःसंकोचपणे मिळतात. भयकथा आपल्या पूर्वग्रहांविषयी क्वचितच सावध असते.

हा लेख लिहिण्याचे निमित्त एका वर्गातले आहे. दोन वर्षांपूर्वी बारामतीत पदव्युत्तर वर्गाला 'साहित्य आणि चित्रपट' हा घटक शिकवताना मी दोन भयपट लागोपाठ दाखवले : हिदेओ नाकाता यांचा जपानी 'रिंगू' (१९९८) आणि विशाल फुरिया यांचा मराठी 'लपाछपी' (प्रदर्शन २०१७). वर्गात बारामतीचे आणि इंदापूरकडून एस.टी.ने येणारे विद्यार्थी होते. चर्चेत स्त्रीभ्रूणहत्या, पितृसत्ता, मातृत्व हे अपेक्षित शब्द अपेक्षित क्रमाने येऊन गेले. शेवटी मागच्या बाकावरून, आईवडील दरसाल बीड जिल्ह्यातून या भागात ऊसतोडीला येतात अशा एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, ह्या उसाला तोड कधी येणार?" वर्ग हसला. मीही हसले. त्या प्रश्नाला उत्तर देण्यासारखे काही माझ्याकडे नाही, हे घरी आल्यावर लक्षात आले.

'प्रतिनिधित्व' हा शब्द आपण मराठीत दोन अर्थांनी वापरतो आणि त्यामुळे बराच गोंधळ होतो. कोणाच्या तरी वतीने बोलणे हा एक अर्थ. कोणाचे तरी चित्र उभे करणे हा दुसरा. गायत्री स्पिव्हाक यांनी १९८८ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात जर्मन भाषेतील दोन वेगळ्या क्रियापदांच्या आधारे हा भेद दाखवला आणि एका अर्थाच्या आडून दुसरा कसा निसटतो याकडे लक्ष वेधले. दुसऱ्या अर्थासाठी मी येथे 'प्रतिरूपण' हा शब्द वापरते. अमुक एका समूहाची माणसे पडद्यावर किती दिसली याची मोजदाद ही प्रतिरूपणाची मोजदाद असते. ती कोणाच्या वतीने दिसली, हा प्रश्न त्यानंतरही शिल्लक राहतो. वैविध्याची चर्चा बहुतेक वेळा या मोजदादीपाशीच थांबते.

ही मोजदाद किती अपुरी आहे हे 'रिंगू'वरून दिसते. चित्रपटाला आधार असलेली कोजी सुझुकी यांची कादंबरी १९९१ साली आली. तिच्यात शापित ध्वनिचित्रफितीचा शोध घेणारा पत्रकार पुरुष आहे. त्याला पत्नी आहे, लहान मुलगी आहे. चित्रपटात तो पत्रकार रेइको नावाची घटस्फोटित स्त्री होतो, मुलीच्या जागी मुलगा येतो आणि शोधात तिला साथ देतो तो तिचा पूर्वीचा नवरा. नव्वदच्या दशकातील जपानी शहरात एकटीने मूल वाढवणारी, नोकरी करणारी स्त्री भयपटाच्या केंद्रस्थानी आली, हा प्रतिरूपणाचा लाभच म्हणावा लागेल. पण दुसरीकडे एक गोष्ट गळली. कादंबरीतील सादाको द्विलिंगी शरीराची आहे. चित्रपटाने तिचे हे वेगळेपण काढून टाकले आणि लांब केसांनी चेहरा झाकलेली, पांढऱ्या वस्त्रातली स्त्री तेवढी ठेवली.

मोजदाद करणारा समीक्षक येथे जमाखर्च मांडील : एक स्त्री जमा, एक द्विलिंगी व्यक्ती खर्च. परंतु कादंबरी वाचणाऱ्याला दिसते की तेथे सादाकोचे शरीर हे तिच्या भयानकतेच्या स्पष्टीकरणाचा भाग बनते. रहस्य उलगडताना देहाचे वेगळेपण उघड होते आणि वाचकाची भीती त्या देहावर स्थिरावते. चित्रपटाने ते वगळले तेव्हा एका उपेक्षित समूहाचे दर्शन गेले, हे खरे. त्याबरोबर त्या समूहावर लादलेला एक आरोपही गेला. मला स्वतःला हा व्यवहार फायद्याचा वाटतो. पण तो फायदा त्या समूहाला झाला की केवळ चित्रपटाच्या रचनेला झाला, याविषयी मी तितकी निःशंक नाही.

'रिंगू'चे खरे सामर्थ्य अन्यत्र आहे. सादाकोची आई शिझुको ही ओशिमा बेटावरची. तिच्या अतींद्रिय शक्तीचे जाहीर प्रात्यक्षिक होते, पत्रकार तिला भोंदू ठरवतात आणि ती मिहारा ज्वालामुखीत उडी घेते. तिच्या मुलीला विहिरीत टाकणारा पुरुष अडाणी कोळी नाही. तो विद्यापीठातला संशोधक आहे, शिझुकोवर प्रयोग करणारा. ध्वनिचित्रफितीतील एक अगम्य वाक्य ओशिमाच्या बोलीतले आहे, असे लक्षात येते तेव्हाच शोधाला दिशा मिळते. म्हणजे बोली येथे पुराव्याचे काम करते. आणि भूत कोठे राहते? दूरचित्रवाणी संचात, दूरध्वनीच्या घंटेत, फितीची प्रत काढणाऱ्या यंत्रात. शहरी मध्यमवर्गीय घराच्या दिवाणखान्यात जी वस्तू अत्यंत निरुपद्रवी समजली जाते, तिच्यातून सादाको बाहेर येते. विहीर जुनी आहे, पण विहिरीचे तोंड दिवाणखान्यात उघडते.

आता 'लपाछपी'. आठ महिन्यांची गरोदर नेहा आणि तिचा नवरा तुषार सावकारांच्या भीतीने शहर सोडतात आणि गाडीचालक भाऊरावच्या गावी, उसाच्या मध्यभागी असलेल्या त्याच्या घरात आसरा घेतात. भाऊरावची बायको तुळसाबाई नेहाची आईच्या मायेने काळजी घेते. मग नेहाला उसात लपंडाव खेळणारी मुले दिसू लागतात, अंगाईचे सूर ऐकू येतात, एका स्त्रीचे अस्तित्व जाणवते आणि अखेर मुलगी जन्मू न देणाऱ्या घराचा इतिहास उलगडतो. उषा नाईक यांनी तुळसाबाईचे लाडिक आर्जव आणि त्यामागची जरब यांच्यातील अंतर इतके कमी ठेवले आहे की प्रेक्षकाला तिच्या हातचे जेवण पाहूनही अस्वस्थ वाटते. पूजा सावंत यांची नेहाही घाबरलेली असूनही निर्बुद्ध होत नाही; भयपटातल्या नायिकांच्या बाबतीत ही सहज मिळणारी गोष्ट नाही.

या चित्रपटाचे पहिले श्रेय भूगोलाचे आहे. मराठी भूत हे प्रायः कोकणातले असते : माड, पायवाट, ओसाड वाडा, माजघरातला अंधार. अलीकडच्या 'तुंबाड' (२०१८) आणि 'मुंज्या' (२०२४) या हिंदी चित्रपटांनीही तीच वाट धरली. आपली भुतेदेखील जातिव्यवस्थेच्या बाहेर नाहीत. मुंज होऊन लग्नाआधी मेलेल्या ब्राह्मण मुलाचा मुंजा होतो, विद्वान पण असमाधानी ब्राह्मणाचा ब्रह्मसमंध होतो. बाळंतपणात मेलेल्या स्त्रीला अलवंतीण हे नाव आहे. या तपशीलवार वर्गवारीत जन्मताच किंवा जन्माआधीच नाहीशा केलेल्या मुलीसाठी मात्र वेगळे नाव रूढ नाही. 'लपाछपी'ने भुताला माडाखालून काढून देशावरच्या उसात आणले, आणि जिला नाव नव्हते तिला खेळ दिला. हे लहान काम नाही.

जपानी भाषेत अशा मुलांना नाव आहे. न जन्मलेल्या किंवा गर्भातच गेलेल्या मुलाला तेथे 'मिझुको', म्हणजे पाण्याचे मूल, म्हणतात. त्यांच्यासाठी जिझोच्या लहान मूर्ती मांडून, त्यांच्या गळ्यात लाल लाळेरी बांधून विधी करण्याची प्रथा १९७० च्या दशकापासून विशेष फोफावली. त्याआधीच्या एदो काळात नको असलेले मूल मारण्याला 'माबिकी' म्हणत. हा शब्द शेतीतला आहे, दाट उगवलेल्या रोपांची विरळणी असा त्याचा मूळ अर्थ. ज्याने हा शब्द प्रथम या कामासाठी वापरला त्याला आपण काय करतो आहोत हे ठाऊक होते, असे वाटून जाते. नाव मिळाले म्हणजे न्याय मिळाला असे मात्र नाही. मिझुकोच्या विधीचा अभ्यास करणाऱ्या हेलन हार्डेकर यांनी १९९७ च्या आपल्या ग्रंथात दाखवले की भुताच्या कोपाची भीती जाहिरातीसारखी पसरवली गेली आणि तिचा भार मुख्यतः स्त्रियांवर पडला. भुताला बोलते केले, पण ते कोणाकडे बोट दाखवील हे दुसऱ्याच कोणी ठरवले. 'लपाछपी'चे परीक्षण मला येथूनच सुरू करावेसे वाटते.

या चित्रपटातील भुते कोणाकडे बोट दाखवतात? म्हातारीकडे, तिच्या खेडवळ बोलीकडे, उसातल्या एकाकी घराकडे. नवराही निर्दोष राहत नाही, शहरातून आलेल्या पुरुषाचे या घराशी नाते आहे, हे चित्रपट अखेरीस दाखवतो. दिग्दर्शकाला प्रश्नाची जाण नाही असा आरोप करता येणार नाही. परंतु भयपटात कथानकाने सांगितलेली गोष्ट आणि कॅमेऱ्याने अंगावर आणलेली गोष्ट यांत दुसरीच अधिक काळ टिकते. प्रेक्षक घरी नेतो तो तुळसाबाईचा चेहरा. क्रौर्य जुने आहे, अंधश्रद्ध आहे, शिकलेल्या माणसांपासून पाच-सहा कोस लांब आहे, असा दिलासा तो बरोबर नेतो.

वस्तुस्थिती अशी आहे की महाराष्ट्रातील मुली ज्या काळात सर्वाधिक वेगाने कमी झाल्या, त्या काळात त्यांना नाहीसे करणारे साधन जुने नव्हते. १९८० च्या दशकात गर्भजलपरीक्षा आणि पुढे सोनोग्राफी यांनी हे काम तालुक्याच्या गावी, स्वच्छ पांढऱ्या भिंतींच्या खोलीत आणून ठेवले. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात प्रथम कायदा केला तो महाराष्ट्राने, १९८८ साली. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरीही २००१ च्या जनगणनेत ० ते ६ या वयोगटात दर हजार मुलग्यांमागे राज्यात ९१३ मुली असताना कोल्हापूर जिल्ह्यात ८३९ आणि सांगलीत ८५१ होत्या. हे दोन्ही जिल्हे मागास नव्हेत. ते पाण्याचे, सहकाराचे, साखरेचे जिल्हे आहेत. जमीन बागायती झाली, तिचे तुकडे होऊ नयेत असे वाटू लागले, हुंड्याची रक्कम उसाच्या बिलाबरोबर वाढली आणि परीक्षेचे पैसे देण्याची ऐपतही आली. सुबत्ता हे या हत्येचे औषध ठरले नाही. पुष्कळ ठिकाणी ते तिचे भांडवल ठरले.

म्हणून उसाचे रान ही 'लपाछपी'ने केलेली निवड दिग्दर्शकाच्या हेतूपेक्षाही अधिक खरी आहे. आमच्याकडे नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८० च्या दशकात खेळू लागले. १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, भवानीनगर येथे सहकारी कारखाने आले. या रानात ऊस म्हणजे निसर्ग नव्हे. तो कालव्याचे आवर्तन, सोसायटीचे कर्ज, कारखान्याची नोंद आणि तोडीचा कार्यक्रम यांनी बांधलेला, अत्यंत आधुनिक असा व्यवहार आहे. चित्रपटात मात्र तो आदिम अरण्यासारखा वागतो : वाट चुकवणारा, आवाज गिळणारा, काळाच्या बाहेर उभा असलेला. जेथे आधुनिकता सर्वाधिक दाट आहे तेथेच चित्रपटाने तिची अनुपस्थिती कल्पिली.

येथे 'रिंगू'चा धडा 'लपाछपी'ने निम्माच गिरवला असे मला वाटते. केस मोकळे सोडलेली स्त्री, मुलाचे भूत, सूडाचे मूळ असलेली जुनी हत्या ही सामग्री नव्वदोत्तर जपानी भयपटाने जगभर नेली, आणि मराठी दिग्दर्शकाने ती पाहिली असेल तर त्यात गैर काही नाही. पण ज्या गुन्ह्यात यंत्राचा वाटा नव्हता त्या गुन्ह्याचे भूत नाकाता यांनी यंत्रात बसवले. आणि ज्या गुन्ह्यात यंत्र हेच प्रमुख हत्यार होते त्या गुन्ह्याचे भूत आपल्या चित्रपटाने यंत्रापासून दूर, उसात नेऊन सोडले. सोनोग्राफीच्या पडद्यावर हलणारी करडी आकृती ही आपल्या काळातील सर्वांत भयानक प्रतिमा होऊ शकली असती. दिवाणखान्यातल्या प्रेक्षकाला तिच्यापासून पळता आले नसते, कारण त्यातल्या पुष्कळांच्या घरातील छायाचित्रांच्या वहीत ती चिकटवलेली आहे.

बोलीचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. नेहा प्रमाण मराठी बोलते, तुळसाबाई ग्रामीण. पहिलीची भाषा भय अनुभवण्याची, दुसरीची भय निर्माण करण्याची. ओशिमाच्या बोलीत सत्याचा सुगावा होता. येथे बोली हाच सुगावा आहे, पण गुन्हेगाराचा. माझ्या वर्गातील निम्म्याहून अधिक विद्यार्थी घरी जी भाषा बोलतात ती त्यांना पडद्यावर दोनच ठिकाणी भेटते : विनोदात आणि आता भयपटात. २०२१ मध्ये फुरिया यांनीच 'छोरी' या नावाने हिंदी रूपांतर केले, तेव्हा ऊस राहिला आणि म्हातारीच्या तोंडी उत्तरेकडची बोली आली. बोली बदलूनही तिचे काम बदलले नाही, यावरून ती विशिष्ट प्रदेशाची नव्हती, केवळ 'गावाकडची' होती, हे स्पष्ट व्हावे. कॅरल क्लोव्हर यांनी १९९२ च्या आपल्या पुस्तकात अमेरिकी भयपटातील शहरी माणसाच्या खेड्याविषयीच्या भयाचा उलगडा करताना म्हटले आहे की शहर ज्याच्या जिवावर जगते, त्याचीच त्याला भीती वाटते. साखरेच्या बाबतीत या म्हणण्याला फारसे भाष्य लागत नाही.

आणि तरीही त्या विद्यार्थिनीचा प्रश्न उरतोच. तोड कधी येणार? चित्रपटातला ऊस उभा राहतो, कारण तो तुटला तर भुतांना लपायला जागा नाही. पण उभ्या उसाचा अर्थ आमच्या तालुक्यांत वेगळा आहे. दिवाळीच्या सुमाराला बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या जिल्ह्यांतून टोळ्या येतात, कोप्या पडतात, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवराबायकोचा मिळून एक 'कोयता' धरला जातो. एकट्या बाईचा हिशेब अर्ध्या कोयत्याने होतो. ही माणसे 'लपाछपी'च्या कथेत कोठेच नाहीत. ज्या रानात मुलींना जागा नाही म्हणून चित्रपट आक्रोश करतो, त्याच रानात सहा महिने मुलीबाळींसह राहणाऱ्या स्त्रियांनाही त्याने जागा दिलेली नाही. बरे, हा विषय त्याच्या विषयापासून दूर आहे असेही नाही. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ मध्ये राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीमुळे खाडा पडू नये, खाड्याचा दंड बसू नये, हेही त्यामागचे एक कारण म्हणून पुढे आले. याच बीडमध्ये २०११ च्या जनगणनेत दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. ऊस आणि गर्भ यांचा संबंध चित्रपटकर्त्याला जेवढा सुचला त्याहून तो पुष्कळ अधिक निकटचा आहे.

असा चित्रपट होऊ शकतो का, याचे उत्तर जपानी चित्रपटानेच पूर्वी देऊन ठेवले आहे. कानेतो शिंदो यांच्या 'ओनिबाबा'त (१९६४) माणसापेक्षा उंच गवताचे अथांग रान आहे, एक खोल खड्डा आहे, सासू आहे आणि सून आहे. 'लपाछपी'च्या शेजारी ठेवावा असा तो चित्रपट आहे. चौदाव्या शतकातील युद्धात मुलगा ओढून नेलेला, शेती बुडालेली. या दोघी वाट चुकलेल्या सामुराईंना मारतात, प्रेते खड्ड्यात टाकतात आणि चिलखते विकून धान्य आणतात. सासू भयानक आहे, पुढे मुखवटा घालून सुनेला घाबरवणारी ती खरोखरच राक्षसीण होते. पण तिची भूक आपण आधी पाहिलेली असते. शिंदो यांचा कॅमेरा गवताच्या आत आहे. दोघी त्यातून धावतात तेव्हा त्यांना वाटा पाठ असतात, रान चुकवते ते बाहेरून आलेल्या शस्त्रधाऱ्याला. नेहाबरोबर आपण उसात शिरतो तेव्हा आपण तो सामुराई असतो. तुळसाबाईला ते रान कसे दिसत असेल, ती त्यात कधी खुरपायला बसली असेल का, तिच्या पोटच्या मुलींच्या वेळी तिला कोणी काय विचारले असेल, हे जाणण्याची सोय कॅमेऱ्याने ठेवलेली नाही. तिला माफ करावे असे मी म्हणत नाही. शिंदोही माफ करत नाहीत. ते फक्त तिच्या बाजूने एकदा रान दाखवतात.

त्या वर्षी मी वर्गाला 'लपाछपी'वर निबंध लिहायला सांगितला. पितृसत्तेवरचे वीस निबंध आले. बरेचसे नीट लिहिलेले होते, दोन-तीन चांगलेच होते. तोडीविषयी विचारणाऱ्या विद्यार्थिनीचा निबंध आला नाही. जानेवारी चालू होता, गाळप भरात होते, इंदापूरच्या रस्त्याला उसाच्या गाड्यांमागे एस.टी. खोळंबत होती. चौकशी केली तेव्हा कळले की आईला ताप भरला होता आणि कोयता अर्धा होऊ नये म्हणून ती पंधरा दिवस वडिलांबरोबर फडात गेली होती.